झोनिंग नवीन करालेत म्हणे, मग आपण काय करायचं?

बेळगावात "सीडीपी बदलणार", म्हणजे शहराचा विकास आराखडा नवा होणार, अशी चर्चा निघाली की एजंट लोक शिवारात मोटारसायकली घेऊन फिरायला लागतात आणि गल्लीतली माणसं "आपल्याला काय करायचंय" म्हणून गप बसतात, मग काही वर्षांनी घराच्या परमिशनला गेल्यावर कळतं की आपल्या जागेवर नकाशात बाग दाखवलीय. हे टाळायचं असेल तर प्लॅन मंजूर व्हायच्या आधी काय करता येतं ते सांगतो.

आधी कुणाकडे जायचं ते. बांधकामाचं परमिशन म्हटलं की आपल्या डोक्यात महापालिका येते, पण कुठल्या जागेवर काय चालेल हे ठरवणारा मास्टर प्लॅन (म्हणजे तोच सीडीपी) आणि त्याच्या सोबतचे झोनल रेग्युलेशन हे बुडाचं, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचं काम, आणि मंजुरी बेंगळूरहून सरकारची. कॅम्पातल्यांचा हिशोब वेगळा, तिथं कॅन्टोन्मेंट बोर्ड. निपाणी-खानापूरवाल्यांनी बुडात येऊन उपयोग नाही, बुडाची हद्द तिथवर नाही. आणि हे सगळं चालतं कर्नाटकाच्या 1961 च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्यावर, त्यामुळं कोल्हापूरचे पाहुणे "आमच्याकडं एफएसआय (प्लॉटच्या मानानं किती बांधकाम चालतं ते) एवढा मिळतो" सांगायला लागले तर चहा पाजा आणि विषय सोडा, त्यांचा कायदा 1966 चा, इथं एफएआर म्हणतात आणि नियम सगळे वेगळे. आपल्या कायद्यात दर 10 वर्षांत निदान एकदा नव्यानं सर्व्हे करून प्लॅन सुधारायचा असं लिहिलंय. लिहिलंय म्हणजे वेळेवर होतंच असं काही नाही.

त्या सर्व्हेला हलकं घेऊ नका. कुठल्या जागेवर आज काय चाललंय याची नोंद तिथं होते आणि पुढचा नकाशा त्यावर उभा राहतो. माणसं गल्लीत आली तर दार लावून घेऊ नका, खाली काय आणि वर काय ते दाखवा. "टॅक्स वाढेल" या भीतीनं दुकान-माग लपवणारे खूप बघितलेत, पण नोंदच नसेल तर पुढं हरकतीत सांगणार काय?

नकाशा आला की लोक फक्त रंग बघतात. पिवळा म्हणजे राहती वस्ती, निळा व्यापारी, जांभळा उद्योग, लाल म्हणजे शाळा-दवाखाने-सरकारी ऑफिसं, हिरवा बागा-मैदानं, करडा रस्ते-रेल्वे वगैरे. रंग कळणं गरजेचं आहेच, पण खरी भानगड रेग्युलेशनच्या पुस्तकात असते, तिथं प्रत्येक विभागात काय चालतं, काय खास परवानगीनं चालतं याची यादी असते. माझं म्हणणं एवढंच आहे की रंगासाठी भांडण्याआधी ती यादी वाचा.

वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागवाल्यांचंच घ्या. खाली पॉवरलूम, वर घर. नकाशात गल्ली पिवळी दिसली की कुणीतरी उठतो आणि म्हणतो आपल्याला जांभळा पाहिजे, सह्या करा. अरे पण जांभळा झाला तर उद्या पोराचं लग्न ठरलं आणि वर एक मजला चढवायचा म्हटलं तर उद्योग विभागात घर म्हणून अडवतील की! त्यापेक्षा रंग पिवळाच राहू दे आणि पिवळ्याच्या यादीत माग बसवून घ्या. तिथं घरगुती उद्योगाची ओळ असतेच, फक्त किती हॉर्सपॉवर, किती जागा, कुठले धंदे ते बारीक अक्षरात बघायचं, आणि आपला माग त्यात बसत नसेल तर तीच ओळ बदलायची मागणी करायची.

हरकत लिहायची ती अशी, भाषण नको:

"वडगाव, रि.स.नं. अमुक. प्रस्तावित वापर निवासी, तो मान्य. जागेवर सध्या तळमजल्यावर चार पॉवरलूम, वर राहतं घर. मागणी: निवासी विभागात चालणाऱ्या वापरांच्या यादीत 'राहत्या घरातील हातमाग व पॉवरलूम' हे शब्द घालावेत."

सोबत हेस्कॉमचं लाइट बिल, ट्रेड लायसन्स असेल तर ते, घरपट्टीची पावती, आणि फोटो, फोटोत घराचा नंबर आणि माग दोन्ही दिसू देत. सरकारनं तात्पुरती मंजुरी दिल्यावर नोटीस निघते आणि तिथून 60 दिवस लोकांचं म्हणणं घेतात. हे 60 दिवस गणपतीत किंवा सुगीत आले तर बघता बघता संपतात, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. दोनशे सह्यांचं एक निवेदन द्यायचं ते द्या, फोटो पेपरात छापून येतो, पण घरटी वेगळा अर्ज जास्त कामाचा असं माझं मत, कारण प्रत्येकाचा सर्व्हे नंबर आणि पुरावा वेगळा. इनवर्डचा शिक्का मारलेली कॉपी घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

भाषेचं म्हणाल तर मराठीत अर्ज देता येतो, घटनेच्या कलम 350 मध्ये तो हक्क आहे, "कन्नडातच आणा" म्हणाले तर शांतपणे तेवढं दाखवा. तरीपण सोबत कन्नड कॉपी जोडा हो, हक्क हक्काच्या जागी पण टेबलावरच्या माणसानं वाचलं पाहिजे ना, आणि गल्लीत कन्नड शाळेत शिकलेलं एखादं पोर असतंच. नकाशा नीट बघायला मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा, फी 10 रुपये, पण कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, नाहीतर परत येतो.

शेतकऱ्यांचं थोडं वेगळं आहे. येळ्ळूर-शहापूरकडच्या शिवारात एकाच बांधावर एकाला जमीन पिवळी पाहिजे आणि दुसऱ्याला बासमतीची शेती ठेवायचीय, त्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसात पिकात. ज्याला शेती ठेवायचीय त्यानं नाल्याचं पाणी कुठवर येतं त्याचे तारखेसकट फोटो आणि नुकसानीचे पंचनामे जोडावेत, "शेतकऱ्यावर अन्याय" एवढं लिहून भागत नाही. आणि पिवळी झाली म्हणजे एनए (बिगरशेती) झाली असं समजून अॅडव्हान्स घेऊ नका, त्याचा अर्ज आणि फी वेगळी.

सांबऱ्याच्या आसपास उंचीला विमानतळाची एनओसी लागते, आणि किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या संरक्षित वास्तूपासून 100 मीटरमध्ये नवीन बांधकाम बंद, पुढचे 200 मीटर परवानगीनं. या दोन्ही गोष्टी बुडाच्या हातात नाहीत, तिथं हरकतीत शाई घालवू नका.

अंतिम प्लॅन आला की आपली कॉपी घेऊन ताडून बघा. चूक राहिली असेल तर 1961 च्या त्याच कायद्याच्या कलम 14-अ खाली बदल मागता येतो, पण पेपरात जाहिरात, हरकती, सरकारची मंजुरी असा लांबचा फेरा. आणि ज्यांच्या जागेवर बाग किंवा रस्ता पडलाय त्यांनी त्यातलंच कलम 69 वकिलाला दाखवा, प्लॅन लागू झाल्यापासून 5 वर्षांत जागा घेतली नाही आणि घ्यायची कारवाईसुद्धा सुरू केली नाही तर ते आरक्षण सुटतं, म्हणून लागू झाल्याच्या तारखेचं गॅझेट उताऱ्याबरोबर जपून ठेवा.