आधी प्लेट्स मोजा: कोकणात राहून जुनी सचित्र प्रवासपुस्तकं जमवणाऱ्यांसाठी

पुस्तक हातात आलं की मजकूर वाचायला घ्यायचा नाही. आधी प्लेट्सची, म्हणजे वेगळ्या छापून पुस्तकात बसवलेल्या चित्रपानांची, यादी शोधायची. ती कधी सुरुवातीला असते, कधी अगदी शेवटी बाइंडरसाठी दिलेल्या सूचनांत दडलेली असते. यादी समोर ठेवून, हातात पेन्सिल घेऊन, एकेका प्लेटवर खूण करायची. विक्रेत्याने चहा मागवला तरी मोजायचं. 'पूर्ण आहे हो, विश्वास नाही का?' म्हणाला, तर दोनदा मोजायचं.

फोर्ब्स, वेल्स, डॅनियल काका-पुतणे, ग्रिंडले ही हिंदुस्थानची दृश्यं काढणाऱ्या जुन्या ब्रिटिशांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. पण त्यांच्या पुस्तकांतल्या प्लेट्सचे आकडे नवख्यांना ठाऊक नसतात, आणि फसगत तिथेच होते. डॅनियलांच्या 'ओरिएंटल सीनरी'त १४४ ॲक्वाटिंट (तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली छटादार चित्रं) आहेत, त्यांच्याच चीनमार्गे हिंदुस्थानच्या प्रवासात (१८१०) ५०. ग्रिंडलेच्या पश्चिम हिंदुस्थानच्या दृश्यांत (१८२६ ते १८३०) ३६. वेल्सची मुंबई बेटाची दृश्यं १२. तो १७९५ साली वारला आणि ती १८०० साली लंडनमध्ये निघाली. चित्रकार मेंपेसच्या १९०५ च्या 'इंडिया'त ७५. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

प्लेट्स गळतात कशाने? क्वचित वाळवीने, बहुतेक वेळा ब्लेडने. एक रंगीत दृश्य फ्रेम करून विकलं की त्याला पुस्तकातल्या त्याच्या वाट्यापेक्षा जास्त पैसे मिळतात. म्हणून मुंबई बंदरावर पावसाळा चढून येतानाची ग्रिंडलेमधली प्लेट, किंवा एखाद्या किल्ल्याचं दृश्य, सगळ्यात आधी गायब होतं. नेमकं आपल्याला हवं तेच. मागे उरतात ती कुठल्या तरी दूरच्या देवळाची दृश्यं.

कापलेल्या प्लेटच्या खुणा उरतात, फक्त बघायला हव्यात. पान पूर्ण उघडून शिवणीत बोट फिरवा. कागदाच्या उरलेल्या पट्टीचा पातळ खुंट लागला तर तिथे काहीतरी होतं. (काही प्लेट्स मुळातच खुंटावर चिकटवलेल्या असतात, म्हणून नुसत्या खुंटावरून आरोप करू नका, यादीशी ताडून पाहा.) समोरच्या मजकुराच्या पानावर फिकट तपकिरी चौकोन किंवा चित्राची सावली दिसली आणि समोर चित्र नसलं, तर ते गेलेलंच आहे. शंभर-दीडशे वर्षं दाबून राहिलेल्या शाईची ती छाप असते, खोडून जात नाही.

उलटी चलाखीही असते. दुसऱ्या फाटक्या प्रतीतली प्लेट आणून बसवतात. तिचा कागद किंचित आखूड असतो, कडा वेगळ्या कापलेल्या असतात आणि कसरीची भोकं शेजारच्या पानांशी जुळत नाहीत. कसर सरळ आरपार जाते. आधीच्या आणि नंतरच्या पानावर भोक आहे, मधल्या प्लेटवर नाही, तर ती प्लेट पाहुणी आहे.

आणखी एक गुंता. ग्रिंडलेसारखी पुस्तकं हप्त्याहप्त्याने निघाली आणि ज्याने-त्याने आपल्या बाइंडरकडून बांधून घेतली. त्यामुळे प्लेट ठरल्या जागी नसली म्हणून प्रत खोटी ठरत नाही. संख्या आणि नावं जुळली की झालं.

फोर्ब्सच्या 'ओरिएंटल मेमॉयर्स'चा सापळा तर वेगळाच आहे. पहिली आवृत्ती १८१३ ची, चार जाडजूड खंड, प्लेट्स त्यांतच. दुसरी १८३४ ची: मजकुराचे दोन खंड आणि चित्रांचा मोठ्या आकाराचा स्वतंत्र खंड. बाजारात ते मजकुराचे दोन खंड 'संपूर्ण संच, दोन्ही भाग' म्हणून फिरतात. विक्रेता खोटंही बोलत नसतो, कारण मुखपृष्ठावर पहिला भाग, दुसरा भाग असंच छापलेलं असतं. चित्रांसाठी पुस्तक घेणाऱ्याच्या हाती मात्र चित्रांशिवायचं पुस्तक येतं. यात हात पोळणारे पुष्कळ आहेत. 'दोन खंड' आणि '१८३४' हे शब्द एकत्र दिसले की पहिला प्रश्न एकच: चित्रांचा खंड कुठे आहे?

एवढं वाचून घाबरून जाऊ नका. अपूर्ण प्रत वाईट नसते, अपूर्ण प्रतीला पूर्ण प्रतीचा भाव देणं वाईट. ३६ पैकी २९ प्लेट्सची प्रत विक्रेत्याने तसं सांगून दिली, तर शिकायला तिच्यासारखी प्रत नाही.

शिकण्यावरून एक मत सांगून टाकतो. विक्रेत्याला गुरू करू नका, तो कितीही सज्जन असो. जुन्या पुस्तकांची शिवण उसवून पुन्हा बांधणारा बाइंडर गाठा आणि त्याच्या शेजारी आठवडाभर बसा. फर्मा (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा जुडगा) म्हणजे काय, कुठलं पान नंतर चिकटवलंय, हे त्याच्या बोटांना कळतं. आणि फोनवर आलेल्या चार फोटोंवरून पैसे पाठवणं हा शॉर्टकट नाही, खड्डा आहे. मागायचेच तर प्रत्येक प्लेटचे पुढचे आणि मागचे फोटो मागा, उजेड बाजूने तिरपा पाडून काढलेले.

दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात हवंच. ॲक्वाटिंटमध्ये छटा वेड्यावाकड्या, बारीक जाळीसारख्या दिसतात आणि तांब्याच्या पत्र्याच्या दाबाची चौकट कागदावर बोटाला लागते (कडा फार कापल्या असतील तर ती गेलेली असते). शिळाछापात खडूचा रवा दिसतो, दाबाची चौकट नसते. ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर ते फोटोवरून केलेलं छापकाम. १८२६ च्या पुस्तकात ते असूच शकत नाही, १९०५ च्या मेंपेसमध्ये असायलाच हवं. प्लेट उजेडासमोर धरून वॉटरमार्कही पाहा. 'व्हॉटमन' या कागद बनवणाऱ्याच्या नावाखाली पुष्कळदा साल असतं. ते पुस्तकाच्या सालानंतरचं निघालं, तर प्लेट नंतर छापलेली आहे आणि किंमत उतरायला हवी. हाताने भरलेला रंग पानाच्या मागे फुटलेला दिसला, तर तो बहुधा अलीकडे कुणीतरी भरलेला आहे. जुन्या कागदातली खळ मेली की रंग आरपार जातो.

सुरुवात कुठून करावी? ग्रिंडलेपासून नाही. मेंपेसचं 'इंडिया' घ्या, किंवा एडवर्ड्सचं 'बायवेज ऑफ बॉम्बे' (१९१२) शोधा, त्यात चित्रकार धुरंधरांची चित्रं आहेत. विल्यम सिम्पसनचं १८६७ चं पुस्तक मोहात पाडतं: ५० क्रोमोलिथोग्राफ, म्हणजे रंगीत शिळाछाप. पण त्या काळच्या बऱ्याच चित्रग्रंथांची पानं शिवलेली नसत, गटापर्चाच्या रबरासारख्या डिंकाने चिकटवलेली असत. तो डिंक वाळून भुगा होतो आणि पानं सुटी होतात. सुटी पानं हरवतात. म्हणजे पुन्हा मोजणी आलीच.

आता आपली हवा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बराच काळ ८० च्या वर असते. आर्द्रतामापक स्वस्त मिळतो, तो कपाटाच्या आत ठेवा, भिंतीवर नाही. कपाट माजघरात, चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सुटं. पडवीत नाही, माळ्यावर तर नाहीच. आगोटीची बाकी तयारी करताना पुस्तकांचीही करा: मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, प्रत्येक पुस्तक झटकून, सिलिका जेल भाजून कोरडी करून आत ठेवायची. दमट पुस्तक प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात कोंडणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं.

दसऱ्यानंतर गाद्या-गोधड्यांबरोबर पुस्तकांना ऊन दाखवायची आपली सवय आहे. हाताने रंगवलेल्या प्लेट्सना ऊन अजिबात नको, रंग उडतात. सावलीत, वाऱ्यावर, उभी उघडून ठेवा. वेखंड कापडाच्या पुरचुंडीत कपाटात ठेवायला हरकत नाही. कडुनिंबाचा पाला मात्र पानांत घालू नका, डाग पडतात. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांच्याबद्दल बोलायलाच नको.

पुस्तकात जिवंत कीड दिसली तर दुहेरी पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर पानांवर पाणी धरेल. पुराचं पाणी लागलं तरी पहिला उपाय गोठवण्याचाच, दोन दिवसांच्या आत. २००५ आणि २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. मेंपेससारख्या पुस्तकांतला गुळगुळीत कागद भिजून तसाच वाळला की पानांची वीट होते, मग कुणालाच सोडवता येत नाही. कोकणात मासळीची शीतगृहं हाताशी असतात, त्यांच्या मालकांशी ओळख ठेवा. हसू येईल, पण ठेवा.

पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का असेल आणि ते निकाली काढल्याची नोंद नसेल, तर घेऊ नका. कितीही स्वस्त असलं तरी. शंभर वर्षांवरचं काही परदेशी पाठवायचं असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय पार्सल करू नका.

शेवटी शोधायचं कसं. परदेशी याद्यांत 'विजयदुर्ग' घालून बसलात तर काही हाती लागणार नाही. तिथे तो 'घेरिया' आहे. सुवर्णदुर्ग 'सेव्हर्नड्रूग', बाणकोट 'फोर्ट व्हिक्टोरिया', वसई 'बसीन', ठाणे 'टॅना', दाभोळ 'डाबुल'. आणि कोकण इंग्रजी 'के'ने नाही, 'सी'ने: 'कॉन्कन'.