वाळवीची रेघ दिसली की आधी हात आवरा : आमिष लावताना या चुका टाळा

गेली बरीच वर्षं मी परभणी, हिंगोली आणि लातूरकडच्या खेड्यांत वाळवी बघायला जातो. कुणी उधई म्हणतं, कुणी वाळवी, पण फोन सगळ्यांचा सारखाच येतो : "भिंतीवर मातीची रेघ दिसली, लवकर या." मी पोचतो तोवर ती रेघ खरवडून झालेली असते. कुणी खराट्यानं झाडलेली, कुणी वरून रॉकेल ओतलेलं, कुणी दुकानातला फवारा रिकामा केलेला. मग मला विचारतात, आता आमिष लावा. कुठे लावू? ज्या वाटेवर लावायचं तीच वाट तुम्ही बंद केली.

ही चूक मी सगळ्यात वर ठेवतो, कारण पुढच्या बहुतेक चुका हिच्याच पोटातून निघतात.

आमिष काम कसं करतं ते आधी समजून घ्या. आमिष म्हणजे औषध घातलेलं वाळवीचं खाणं, ते डब्यात भरून तिच्या वाटेवर लावतात. त्या डब्यातलं औषध वाळवीला लगेच मारत नाही, मुद्दामच मारत नाही. हेक्झाफ्लुम्युरॉन किंवा क्लोरफ्लुआझुरॉन यांसारखी औषधं वाळवीला कात टाकू देत नाहीत. कामकरी वाळवी ते खाते, घरट्यात परत जाते आणि तोंडानं तोंडाला भरवते. राणी स्वतः खात नाही, शिपाई स्वतः खात नाहीत, पिल्लं खात नाहीत. सगळ्यांना कामकरीच भरवतात. कात टाकायची वेळ आली की कामकरी मरू लागतात आणि त्यांच्यामागे उरलेलं घरटं उपाशी पडतं. म्हणजे औषध पोचवणारी वाळवी जिवंत राहायला हवी, निर्धास्त राहायला हवी, तिची वाट चालू राहायला हवी. तुम्ही फवारा मारला की अंगावर पडेल तेवढी मरते. बाकीची तो रस्ता आतून मातीनं बुजवून दुसरीकडून निघते.

जिंतूर तालुक्यातल्या एका गावात हे डोळ्यांनी बघितलं. जुनं माळवदाचं, म्हणजे लाकडावर माती अंथरलेल्या छताचं घर, दोन-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, मागं पत्र्याचा गोठा. घरातले काका शांत माणूस. श्रावणात मागच्या खोलीत चौकटीच्या कडेनं रेघ थेट तुळईपर्यंत गेलेली होती आणि नशिबानं कुणी हात लावला नव्हता. मी रेघेच्या मधोमध बोटभर जागा उघडली, तिथं आमिषाचा डबा भिंतीला बसवला, कडा ओल्या मातीनं लिंपल्या आणि सांगून आलो की महिनाभर इकडं फिरकू नका. दहा-बारा दिवसांत काकांचा फोन आला, "डबा मातीनं भरत आला हो." यापेक्षा चांगली बातमी आमच्या कामात नसते. डब्यात माती भरली म्हणजे वाळवीनं तो आपला मानला.

पोळ्याला पोरगा पुण्याहून आला. त्यानं डबा उघडला, आत वळवळणारी वाळवी बघितली आणि "इतके दिवस झाले, अजून जिवंतच आहे की" म्हणून बाजारातून फवारा आणून डब्यात मारला, रेघेवर मारला, चौकटीच्या फटीत मारला. दोन दिवसांत रेघ कोरडी पडली. घरात सगळे खूश. मला कळलं तेव्हा मी दुसरा डबा लावायला गेलो, पण लावायला चालती वाट कुठंच सापडेना. माघात शेजारच्या खोलीत, जिथं हरभऱ्याची पोती ठेवली होती, तिथं माळवदाचा एक खण, म्हणजे दोन तुळयांमधला भाग, खचला. दोन किलच्या (तुळयांवर आडवी घातलेली लाकडं) आणि टोपलं-दोन टोपली पांढरी माती पोत्यांवर आली. त्या खोलीत कुणी झोपत नव्हतं, म्हणून जीव वाचला. ती तुळई आधीच पोखरलेली होती, हे मला मान्य आहे. पण श्रावणात आम्हाला ती वाळवी कुठून ये-जा करते ते दिसत होतं. फवाऱ्यानंतर ती भिंतीच्या पोटातून गेली आणि खण खाली येईपर्यंत कुणाला दिसली नाही. नंतर त्या घरातली वाळवी आवरायला सात महिने लागले. पोराचं मन वाईट नव्हतं, त्याला घराची काळजी होती. पण वाळवीच्या कामात घाई करणाऱ्या काळजीनं घराचं नुकसान होतं, हे मी आता प्रत्येक घरातल्या तरुण पोराला समोर बसवून सांगतो.

रेघ चालू आहे की जुनी, हे बघायचं असेल तर मधली फक्त एक बोट माती काढा आणि दोन दिवसांनी या. बुजवलेली दिसली तर चालू आहे. सगळी रेघ काढायची गरज नसते.

याच कारणानं मी पाहणी दसरा काढायच्या आधी करतो. आपल्याकडे घटस्थापनेच्या आधी घर झाडून, पोतारून, सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात. त्यात भिंतींवरच्या सगळ्या रेघा जातात, वरून चुन्याचा हात बसतो आणि वाळवी कुठून येते याचा पुरावा वर्षभरासाठी मिटतो. बायांना मी सांगतो, झाडा, पण मातीची रेघ दिसली तर तिथं खडूनं फुली मारून ठेवा, मग झाडा.

आता दुसरी गोष्ट. ही चूक माझी स्वतःची आहे.

औसा तालुक्यात एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, काम होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात पडलेल्या घराचं जुनं लाकूड त्या कुटुंबानं जपून ठेवलं होतं आणि त्याचेच खांब, त्याचीच बल्ली वापरून शेतात पत्र्याचं शेड उभं केलं होतं. खांब थेट मातीत गाडलेले. मी शेडच्या चहूबाजूंनी, भिंतीपासून दोन-दोन फुटांवर, दहा-दहा फुटांच्या अंतरानं जमिनीत डबे गाडले. आत आंब्याच्या लाकडाचे तुकडे. वाळवी लाकडाला लागली की तिथं आमिष भरायचं, असा हिशेब. पाच महिन्यांत एकाच डब्यात थोडी लागली. तिकडं दाराची चौकट मात्र खातच होती. मी डबे हलवले, लाकूड बदललं, जमीन ओली केली.

येळवशीला, म्हणजे शेतात जेवायच्या वेळ अमावस्येला, त्यांनी जेवायला बोलावलं. कोप (कडब्याची खोप) करायला पोरांनी गंजीतून कडब्याच्या पेंढ्या ओढल्या. ती गंजी शेडच्या मागच्या भिंतीला टेकून रचलेली होती. पेंढ्या निघाल्या तशी भिंत उघडी पडली आणि तिच्यावर दोन बोटं रुंदीची मातीची वाट दिसली. कडब्यातून भिंत, भिंतीवरून बल्ली. वर पत्र्याचा सांधा गळत होता आणि बल्लीचं टोक पावसाळाभर ओलं राहिलेलं. खायला कडबा, प्यायला गळका सांधा, चढायला भिंत. माझ्या जमिनीतल्या डब्यांकडे यायची तिला गरजच नव्हती.

त्या दिवशी गंजी भिंतीपासून चार हात लांब दगडांवर रचली, सांधा बुजवला आणि भिंतीवरच्या त्या वाटेवर डबा बसवला. उन्हाळ्यापर्यंत हालचाल थांबली. तेव्हापासून मी कुठंही गेलो की पहिला तास डबा पिशवीतून बाहेर काढत नाही. आधी ओल शोधतो : न्हाणीची भिंत, रांजणाखालची जागा, पन्हाळीतून पाणी पडतं तो कोपरा, माळवदावर भेग पडून झिरपतं ती जागा. मग भिंतीला टेकलेलं सगळं हलवून बघतो. कडबा, तुराट्या, पऱ्हाट्या, गवऱ्यांचा उडवा, जुन्या चौकटी, पोत्यांची थप्पी. "ते हलवायला गडी नाही" असं म्हणतात. मग मी थांबतो, गडी मिळेल त्या दिवशी येतो. भिंत न बघता लावलेल्या आमिषाचे पैसे मला घ्यायचे नाहीत.

पाहणीला फार सामान लागत नाही. टॉर्च, पेचकस आणि हातोडीची मूठ. लाकडावर मूठ ठोकत जायचं, आवाज पोकळ आला की तिथं पेचकस हलकेच टोचायचा. उंबरठा आणि चौकटीचे खालचे वीतभर भाग सगळ्यात आधी. भिंतीवरची तसबीर, कॅलेंडर, देवघराच्या फळीची मागची बाजू, सातबाऱ्याचे कागद ठेवलेली पेटी. विजेच्या मीटरमागचा लाकडी बोर्ड लोक हमखास विसरतात. तिथं वाळवी दिसली तर पाण्यात कालवलेलं कुठलंही औषध मारू नका. आधी वीज बंद करा आणि वायरमनला बोलवा.

डबा सारखा उघडून बघणं ही नव्या माणसाची खोड. रोज उजेड, रोज हवा, रोज धक्का. चौथ्या दिवशी वाळवी डबा सोडते. मी दर अमावस्येच्या आसपास बघतो. गावात तिथी सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळं कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. डब्यात वाळवी जोरात लागली असेल तर मधे एकदा, पंधरा दिवसांनी, आमिष संपलं का एवढंच बघायचं, कारण डबा रिकामा पडला तरी ती निघून जाते. तीन-चार महिने धरून चाला. वारूळ करणाऱ्या जातीला त्याहून जास्त, कारण ती घरट्यात बुरशी पिकवून त्यावर जगते आणि आमिषाला हळू लागते. पावसाळ्यात वारुळावर जी अळंबी उगवते ती याच बुरशीची. "पंधरा दिवसांत गॅरंटी" म्हणणारा माणूस तुम्हाला फवारा विकतो आहे, आमिष नाही.

तंबाखू मळलेल्या हातानं आमिष भरू नका. तंबाखूतलं निकोटीन स्वतःच कीटकनाशक आहे. रॉकेल, फिनेल, फवारणीच्या पंपाचा वास असलेला हातही नको. मी हात राखेनं धुतो आणि नवे हातमोजे घालतो. आमिष भुकटीचं असेल तर वेष्टनावर सांगितलं असेल तेवढंच पाणी घालून भाकरीच्या पिठासारखं मळायचं. कोरडं राहिलं तर ती खात नाही, पातळ झालं तर बुरशी येते.

डबा आणि द्रावण एकाच जागी नको. भिंतीच्या कडेनं फरशीला एक-एक फुटावर भोकं पाडून औषध सोडायची पद्धत आहे, भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात ती दिलेली आहे आणि पक्क्या घराला मीही कधी सुचवतो. पण आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराभोवती केलेला औषधाचा पट्टा त्या भेगांत तुटतो आणि वाळवीला मोकळी वाट मिळते. म्हणून काळ्या रानातल्या आखाड्याला माझा कल आमिषाकडे असतो. पण तिथंही खोलगट जागी गाडलेला डबा पावसाळ्यात पाण्यानं भरतो. मी डब्याखाली चार बोटं मुरूम घालतो आणि झाकण जमिनीच्या वर राहील असं बसवतो. गोठ्याजवळ वर एक फरशी ठेवतो, नाहीतर बैलाच्या खुरानं झाकण फुटतं आणि कोंबड्या उकरतात.

वारूळ फोडून राणी मारली की काम झालं, हे खरं नाही. घराला लागलेली वाळवी त्याच वारुळातली आहे हे कुणी सांगितलं? शिवाय जुन्या वारुळात साप असतो. नागपंचमीला बाया ज्या वारुळाला जातात, त्याच्याशी पहारीनं खेळू नका.

जळकं ऑइल खांबाला फासता, ते वरवर बसतं. वाळवी मातीखालून लाकडाच्या पोटात जाते. कडब्याशेजारी ते आग धरतं, हे वेगळं.

घरात जुनी बीएचसी ही कीटकनाशक पावडर असेल तर ती वापरू नका. १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे. धान्याच्या कोठीजवळ तर अजिबात नको.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे येतात. सकाळी खिडकीत पंखांचा ढीग दिसला तर चार पंख उचलून शेजारी-शेजारी ठेवून बघा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मुंगीचे पुढचे मोठे आणि मागचे लहान. घराच्या आत, बंद खिडकीपाशी वाळवीचे पंख सापडले तर घरटं बाहेर कुठंतरी आहे असं समजून निवांत राहू नका.

काम झालं म्हणून डबे काढून नेऊ नका, ही शेवटची. मी आमिष काढतो आणि आत परत आंब्याचे कोरे तुकडे ठेवतो. जिंतूरकडच्या त्या काकांच्या घराभोवती आजही नऊ डबे आहेत, प्रत्येकावर रंगानं नंबर. मागच्या अमावस्येला आठ डब्यांतलं लाकूड जसंच्या तसं निघालं. चार नंबरचं, गोठ्याच्या कोपऱ्यातलं, एका कडेनं कुरतडलेलं होतं आणि कडेला ओली माती होती. तिथं आमिष भरून आलो आहे. गोठ्याची पन्हाळ बदलायला काकांनी माणूस सांगितला आहे.