मृगाआधी मांडव बांधताना: बांबू, सुंभ आणि गाठी

रोहिणी लागल्या की कोकणात मांडवाची घाई सुरू होते. मृग लागेपर्यंत, म्हणजे साधारण 7 जूनपर्यंत, हातात जेमतेम दोन आठवडे असतात. पडवळ, कारली, दोडका, काकडी, दुधी यांचं बी पहिल्या पावसावर पडतं आणि महिना-सव्वा महिन्यात वेल मांडवावर पसरतो. एकदा पानांचं छत झालं की बांधणीत हात घालता येत नाही, म्हणून जे काही पक्कं करायचं ते आत्ताच.

मांडव कोसळला की आपण बांबूला बोल लावतो. पण पडलेल्या मांडवाजवळ जाऊन नीट पाहा. बांबू बहुतेक शाबूत असतात, सुटलेले असतात ते सांधे. एक सांधा ढिला झाला की मेढ, म्हणजे मांडवाचा उभा खांब, डुलायला लागते, तिच्या डुलण्याने शेजारचे सांधे सैल होतात, आणि श्रावणातल्या एखाद्या रात्रीच्या वाऱ्याला सगळा मांडव एका बाजूला बसतो. त्यामुळे यंदा दोन बांबू कमी आणले तरी चालतील, पण दोर आणि गाठ यांत काटकसर करू नका.

दोर कोणता, हे आधी ठरवा. सुतळी स्वस्त मिळते, पण आपल्याकडच्या सततच्या ओलीत ती मोसमभर टिकत नाही, कुजते. मुख्य सांध्यांना ती वापरू नये. काथ्याचा सुंभ खरखरीत असल्याने बांबूच्या गुळगुळीत पाठीवर धरून राहतो आणि पाण्याला दाद देत नाही. नायलॉन ताकदीला सरस, पण ओलं झाल्यावर ताणतं आणि गाठ सरकते. प्लॅस्टिकची रंगीत दोरी उन्हात वर्षभर राहिली की ठिसूळ होते; हाताने पीळ उलगडून धागे चुरडून बघा, भुगा पडला तर ती फेकून द्या. माझं मत विचाराल तर सांध्यांना सुंभ आणि बाहेरच्या ताणांना, म्हणजे मेढीपासून जमिनीतल्या खुंटीपर्यंत ओढून बांधायच्या दोरांना, नायलॉन. सुंभ बांधण्याआधी थोडा वेळ पाण्यात ठेवला तर हाताला मऊ पडतो आणि वेढे अंगासरशी बसतात. ज्यांच्याकडे रानात केवण (मुरुडशेंग) आहे, त्यांनी तिच्या सालीचे दोर जरूर वापरावेत. हलक्या कामाला ते उत्तम.

बांबू पक्का हवा, तीन वर्षांच्या पुढचा, थंडीत तोडून वाळवलेला. आज तोडलेला हिरवा बांबू बांधला तर तो वाळताना आकसतो आणि आपण कितीही आवळलेलं असलं तरी वेढे सैल पडतात. हिरवाच वापरायची वेळ आली तर पंधरा दिवसांनी वेढ्यांखाली बांबूची पातळ पाचर ठोकायची. खिळे मात्र नकोत. खिळ्याने बांबू चिरतो आणि त्या चिरेतून पाणी व किडा दोन्ही आत जातात. मेढीचा जमिनीत जाणारा भाग डांबर लावून दीड-दोन फूट खोल पुरा, नाहीतर वाळवी दुसऱ्या वर्षाला काही ठेवत नाही.

आता मुख्य सांधा, उभ्या मेढीवर आडवा वासा. इथे जरा थांबून काम करावं. तीन इंच जाडीच्या दोन बांबूंना साडेतीन ते चार मीटर दोर लागतो. आडवा वासा शक्यतो मेढीच्या पेराच्या सांध्यालगत वर टेकवावा, म्हणजे खाली घसरायला उंचवटा आडवा येतो. वाशाच्या लगेच खाली मेढीला दोराचे दोन वेढे घ्या, दुसरा वेढा पहिल्यावरून तिरका न्या आणि टोक त्या तिरक्या वेढ्याखालून काढून ओढा. ही सुरुवातीची गाठ. उरलेलं आखूड टोक लांब दोरात पिळून टाका. मग दोर वाशाच्या पुढून वर, मेढीच्या मागून पलीकडे, वाशाच्या पुढून खाली, पुन्हा मेढीच्या मागून, असे तीन ते चार फेरे घ्या. प्रत्येक फेरा शेजारच्याला लागून बसला पाहिजे, एकावर एक चढता कामा नये. दर फेऱ्याला दोर ओढून धरा.

एवढ्यावर बरेच जण गाठ मारून पुढे जातात. पण खरी पकड यानंतरच्या फेऱ्यांत आहे. दोर दोन्ही बांबूंच्या मधल्या फटीत घाला आणि आधी घेतलेल्या फेऱ्यांभोवती दोन-तीन आडवे वेढे आवळून घ्या. हे वेढे आधीच्या फेऱ्यांना मधोमध चिमटतात आणि सगळा सांधा एकजीव होतो. हाताने ओढून पुरेसं बसत नाही. दोर एका काठीच्या तुकड्याला गुंडाळून, पाय टेकून ओढा. शेवटी वाशाला तशीच तिरकी गाठ मारा आणि टोक आत खोवा. बांधून झाल्यावर वासा दोन्ही हातांनी धरून हलवा. सांधा किंचितही कुरकुरला तर सोडून पुन्हा बांधा.

वासा लांबीला कमी पडला तर दुसरा बांबू जोडताना निदान दोन फूट एकमेकांवर घ्या आणि एक मोठा बंध मध्ये घालण्यापेक्षा दोन बंध दोन्ही टोकांकडे घाला. मधला एकच बंध बांबूंना फिरण्यापासून अडवू शकत नाही.

वरची जाळी विणताना उलट विचार करा. मोठ्या वाशांना निरगाठ, पण जाळीच्या दोऱ्यांना सुरगाठ. काढणीनंतर किंवा वादळाच्या आधी त्या झटकन सुटायला हव्यात. उंची सहा ते साडेसहा फूट ठेवा. ‘कोकण श्वेता’ पडवळ किंवा ‘कोकण तारा’ कारल्यासारखी दापोलीच्या विद्यापीठाची वाणं लावणार असाल तरी हेच माप चालेल. पडवळ सरळ यावं म्हणून टोकाला खडे बांधतो, त्यांचंही वजन शेवटी याच दोऱ्यांवर येतं, हे लक्षात ठेवून जाळी विणा.

पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्या अंगाच्या मेढी किंचित बाहेर कललेल्या पुरा आणि प्रत्येकीला बाहेरून ताण द्या. खुंटी ठोकताना तिचं डोकं मांडवाच्या उलट दिशेला कललेलं असावं. सड्यावर, जिथे जांभ्यात पहार शिरत नाही, तिथे दोर मोठ्या चिऱ्याला बांधून त्यावर आणखी दगड रचावेत. ताणाला सरकती गाठ ठेवा: दोर खुंटीभोवती घेऊन परत मुख्य दोरावर आणा, खुंटीच्या बाजूला दोन वेढे, मग त्यांच्या वर एक वेढा. नायलॉन असेल तर एक वेढा जास्त घ्या. ही गाठ हाताने सरकवून ताण कमी-जास्त करता येतो. नीट जमत नसेल तर जवळच्या कोळीवाड्यात जा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, नाखवा मंडळी घरी असतात, आणि दोराच्या बाबतीत त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

राखणीचा माळा बांधणार असाल तर नियम कडक. माणसाचं वजन दोरावर कधीच टाकू नका. मेढीला वर बेळकं, म्हणजे दुफाटा, असू द्या आणि वासा त्या बेळक्यात बसवा. दोराने त्याला फक्त जागेवर धरून ठेवायचं. माळ्याचे दोर दरवर्षी नवे घ्या. चारही पायांना तिरके आडणे बांधा, नाहीतर वर चढताना माळा डुलतो.

आंबा-काजूची नवी कलमं लावल्यावर काठी वाऱ्याच्या बाजूला रोवा आणि मऊ सुतळी काठी व खोडाच्या मधून आठच्या आकड्यासारखी फिरवून सैल बांधा. इथे सुतळी कुजते ते बरंच, खोड जाड होताना काच पडत नाही.

पहिला जोराचा पाऊस होऊन गेला की सगळे सांधे हाताने तपासा, सैल तिथे पाचर मारा, ताण आवळा. पुन्हा एकदा वेल मांडवभर होण्याआधी बघा. 3 जून 2020 ला श्रीवर्धन-दिवेआगरजवळ धडकलेल्या निसर्गसारख्या चक्रीवादळापुढे कुठलीच गाठ पुरी पडणार नाही. तसा इशारा आला तर तयार फळं उतरवून घ्या, खडे सोडा आणि पश्चिमेकडच्या जाळीच्या सुरगाठी सोडून वाऱ्याला वाट द्या. मेढी उभ्या राहिल्या तर वेल पुन्हा चढवता येतो.