थंड प्रदेशात लाल पानांसाठी कोरियन मेपल

अमेरिकेतल्या मिनियापोलिससारख्या कडक थंडीच्या गावात जपानी मेपल लावायचा मोह आवरा. तिथल्या हिवाळ्यात त्याच्या फांद्या मरतात. तशाच नाजूक, बोटांसारख्या पानांचा कोरियन मेपल घ्या. कोरिया आणि ईशान्य चीनच्या डोंगरांतलं हे झाड उणे 30 अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी सोसतं आणि शरदात केशरी-लाल पेटतं. अमूर मेपलही काटक आहे, पण तो बी पसरवून तिथल्या रानात घुसतो, म्हणून मी तो सुचवणार नाही.

लावताना सगळ्यात जास्त चूक होते ती रोप किती खोल लावायचं यात. बुंधा जिथे रुंद होऊन मुळं फुटतात, तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. गाडला गेला तर साल कुजते. भोवती तीन इंच लाकडाच्या ढलप्या पसरा, पण खोडाला टेकवू नका. सकाळचं ऊन आणि दुपारी थोडी सावली मिळेल अशी जागा उत्तम. अगदी गर्द सावलीत रंग फिका राहतो.

ऑगस्टनंतर नत्रखत नको, कोवळी फूट थंडीत जळते. पाणी मात्र जमीन गोठेपर्यंत द्या. सशांपासून जपायला खोडाभोवती जाळी लावा, बर्फाच्या थरापेक्षा उंच.