वायर नाही म्हणून काम हलकं समजू नका: वायरलेस प्रेशर ट्रान्समीटर बसवणाऱ्या नव्या मुलांसाठी

आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक (केमिकल प्लांट) हा ट्रेड करून मी लोटे-परशुरामच्या एका प्लांटमध्ये अप्रेंटिस झालो आणि पुढे तिथेच कंत्राटावर लागलो. चार ते वीस मिलिअँपचा लूप (वायरवरून सिग्नल नेणारं सर्किट), केबल ट्रे, ग्लँड, जंक्शन बॉक्स यातच पहिली वर्षं गेली. मग वायरलेस ट्रान्समीटर आले, म्हणजे पाइपातलं प्रेशर मोजून रेडिओने आकडा पाठवणारी बॅटरीवरची उपकरणं, आणि आम्हा सगळ्यांना वाटलं, चला, निम्मं काम संपलं. पाना घ्यायचा, बसवायचा, बॅटरी घालायची आणि खाली उतरायचं. याच समजुतीपायी माझं डावं मनगट भाजलं आणि तीन आठवडे घरी बसावं लागलं. अलीकडे नवी मुलं विचारतात, "सर, याला केबलच नाही, मग पर्मिट (कामाची लेखी परवानगी) कशाला?" तेव्हा ते मनगट आपोआप झाकलं जातं. म्हणून हे लिहितोय.

टॅपिंग, म्हणजे मोजण्यासाठी पाइपातून काढलेली जोडणी, कुठून घ्यायचं हे तुम्ही शिकलेले आहात. गॅस असेल तर ट्रान्समीटर टॅपिंगच्या वर, लिक्विड किंवा स्टीम असेल तर खाली. स्टीमला सायफन (मध्ये पाणी धरून ठेवणारी वळणदार नळी) हवाच, कारण १० केजी प्रेशरची वाफ १८० अंशांच्या वर तापलेली असते आणि ती सेन्सरला थेट लागता कामा नये. गेज, अ‍ॅब्सोल्यूट, रेंज हेही तुम्हाला येतं असं धरतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावताना पहिला आटा मोकळा सोडायचा आणि पाना प्रोसेस कनेक्शनच्या षटकोनी भागावर धरायचा. वरचं हाउसिंग धरून ट्रान्समीटर फिरवणारा माणूस दिसला तर त्याला तिथेच थांबवा, सीनियर असला तरी.

आता माझ्या मनगटाची गोष्ट. ती सविस्तर सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

स्टीम हेडरवर (वाफेच्या मुख्य पाइपवर) महिनाभरापूर्वी बसवलेला एक वायरलेस ट्रान्समीटर आट्यातून गळत होता. काम एवढंच होतं की तो काढायचा, टेप बदलायची, परत लावायचा. मी रूट व्हॉल्व्ह (पाइपाजवळचा पहिला व्हॉल्व्ह) बंद केला, मॅनिफोल्डचा, म्हणजे ट्रान्समीटरखालच्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्याचा, ब्लीड (आतलं प्रेशर बाहेर सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) उघडला. फसकन वाफ आली, मग गरम पाणी टपकलं, मग थांबलं. डिस्प्लेवर आकडा आला, ०.०. खात्री करायची म्हणून वॉकीटॉकीवर कंट्रोल रूमला विचारलं, "किती दाखवतंय?" उत्तर आलं, "झिरो." ब्लीडमधून अधूनमधून गरम थेंब हातावर पडत होता म्हणून मी ब्लीड बंद केला. हातमोजा सरळ केला, पाना लावला, युनियन (ट्रान्समीटरची आट्यांची जोडणी) सैल केली. उकळतं पाणी हातमोजा आणि बाही यांच्या मधल्या चार बोटांच्या फटीत घुसलं. मी ओरडलो तेव्हासुद्धा डिस्प्लेवर ०.० च होतं.

काय झालं होतं? रूट व्हॉल्व्ह पासिंग होता, म्हणजे बंद करूनही आतून थोडा गळत होता. ब्लीड उघडा होता तोवर ती गळती बाहेर जात होती. ब्लीड बंद करताच इम्पल्स लाइनमध्ये (पाइपापासून ट्रान्समीटरपर्यंतच्या नळीत) प्रेशर पुन्हा चढायला लागलं. वायरच्या ट्रान्समीटरवर तो आकडा चढताना दिसला असता, कारण तो सेकंदाला अनेकदा ताजा होतो. वायरलेसचं तसं नाही. बॅटरी वाचावी म्हणून तो मध्ये झोपतो, ठरल्या वेळी जागा होतो, एकदा मोजतो, पाठवतो आणि परत झोपतो. आमचा अपडेट रेट ६० सेकंदांचा होता. मी ज्याला 'आत्ताचं प्रेशर' समजत होतो ते मिनिटभरापूर्वीचं असू शकत होतं. मोजा: ब्लीड बंद केला, हातमोजा सरळ केला, पाना लावला, युनियन ढिली केली. चाळीस-पन्नास सेकंद. तेवढ्यात लाइन भरली होती.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. मी दोन ठिकाणी खात्री केली असं मला वाटत होतं, डिस्प्लेवर एकदा आणि कंट्रोल रूममध्ये एकदा. पण कंट्रोल रूमच्या स्क्रीनवरचा आकडा त्याच सेन्सरने, त्याच वेळी मोजलेला होता. माझा साक्षीदार एकच होता, आणि तोही मिनिटभर शिळा. अपडेट रेट काही सेकंदांपासून तासापर्यंत ठेवता येतो. काही ठिकाणी टाकीच्या लेव्हलसाठी तो पंधरा-वीस मिनिटांवर ठेवलेला असतो. तिथे झिरो बघून युनियन उघडणाऱ्याचं काय होईल, याचा विचार करा.

म्हणून आता माझी पद्धत ठरलेली आहे. रूट व्हॉल्व्ह बंद, त्यावर कुलूप आणि टॅग. ब्लीड उघडायचा आणि काम संपेपर्यंत उघडाच ठेवायचा, नळी लावून पाणी दूर सोडायचं. ब्लीडमधून काहीच आलं नाही तर ती आनंदाची बातमी समजू नका. ब्लीड गाळाने चोंदलेला असू शकतो आणि मागे पूर्ण प्रेशर उभं असू शकतं. मॅनिफोल्डला दुसरा पोर्ट असेल तर तिथे साधा काट्याचा गेज लावायचा. त्याला बॅटरी लागत नाही आणि तो झोपतही नाही. युनियनला हात न लावता, फक्त या तपासणीपुरता ब्लीड पाच मिनिटं बंद करून काटा बघायचा. हलला तर व्हॉल्व्ह पासिंग आहे. मग ते काम तुमचं राहत नाही, लाइन बंद होईपर्यंत ते होणार नाही असं शिफ्ट इन्चार्जला सांगायचं. काटा स्थिर राहिला तरी ब्लीड पुन्हा उघडूनच युनियनला हात लावायचा. बाजूला उभं राहून अर्धा फेरा सैल करायची, आटे गुंतलेले ठेवून थांबायचं. जे यायचं ते तेव्हा येऊ द्या.

"लाइन बंद होणार नाही, असंच कर" असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. आमच्या फोरमनने मला एक वाक्य शिकवलं होतं: "पर्मिटवर सही ज्याची, जबाबदारी त्याची, पण हात तुझा." "चालतंय रे, दरवेळी असंच करतो" म्हणणाऱ्या सीनियरकडून हाताचं कसब शिका, पण सुरक्षेची सवय त्याच्याकडून उचलू नका. माझं पक्कं मत आहे की एकाच माणसाला गुरू मानू नये. आणि ऑटोमेशनच्या दोन-तीन महिन्यांच्या महागड्या कोर्सवर घरच्यांचे पैसे घालवण्याआधी वर्षभर मॅनिफोल्ड उघडबंद करा. स्क्रीनवर बटणं दाबायला पुढे शिकता येतं. पासिंग व्हॉल्व्हचा आवाज कानाला ओळखीचा व्हायला मात्र प्लांटच लागतो.

धोकादायक क्षेत्राबद्दल, म्हणजे जिथे पेट घेणारा गॅस असू शकतो अशा झोनबद्दल, थोडं. ट्रान्समीटरची पाटी वाचल्याशिवाय तो झोनमध्ये नेऊ नका. गॅस ग्रुप (कोणत्या गॅससाठी चालतो) आणि टी-क्लास (किती तापू शकतो) त्या जागेला जुळतो का बघा. टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जाणार नाही. आपल्याकडे पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, मान्यताही बघावी लागते. या संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. बहुतेक मॉडेल्समध्ये बॅटरी मॉड्यूल झोनमध्येच बदलता येतं, पण मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असेल तरच. त्या मॉड्यूलचं आवरण आणि अँटेना प्लॅस्टिकचे असतात, त्यांच्यावर स्थिर वीज साठते. कोरड्या फडक्याने पुसू नका, ओलं फडकं वापरा. बॅटरी लिथियमची असते, ती खिशात नाण्यांबरोबर ठेवू नका. सिग्नल बघायला मोबाईल बाहेर काढणं हा तर सरळ गुन्हा समजा. आणि ट्रिप किंवा इंटरलॉक (प्लांट आपोआप बंद करणारी किंवा अडवणारी यंत्रणा) जर या एका आकड्यावर चालवायला कोणी सांगितलं, तर लेखी मागा.

नेटवर्कची भीती बाळगू नका, ते वाटतं तितकं अवघड नाही. आधी गेटवे (सगळ्या ट्रान्समीटरचे आकडे घेऊन कंट्रोल रूमला देणारं उपकरण) चालू करायचा, मग त्याच्या जवळचे ट्रान्समीटर, मग लांबचे. वायरलेसहार्ट या रेडिओ पद्धतीत प्रत्येक उपकरण शेजाऱ्याचा निरोप पुढे नेतं, म्हणून प्रत्येकाला निदान तीन शेजारी हवेत आणि गेटवेच्या थेट टप्प्यात किमान पाच. पाइप आणि टाक्यांची दाटी असेल तर टप्पा तीसेक मीटर धरा, मोकळ्या जागेत बराच वाढतो. अँटेना सरळ उभी, मोठ्या लोखंडापासून मीटरभर लांब. कोणीतरी जागा नाही म्हणून ती आडवी करून सोडतो आणि मग महिनाभर सगळे गेटवेला दोष देतात. नेटवर्क आयडी आणि जॉइन की (नेटवर्कमध्ये शिरायचा पासवर्ड) वर्कशॉपमध्येच भरून घ्या. जॉइन की फळ्यावर लिहून ठेवायची नसते, ती प्लांटची किल्ली आहे.

गेटवे चालू व्हायच्या आधी बॅटरी घालून ठेवू नका. उपकरण नेटवर्क शोधत राहतं आणि बॅटरी वाया जाते. झाकण धातूला धातू टेकेपर्यंत घट्ट करा. कोकणातल्या एका पावसाळ्यात ढिल्या झाकणाचे दोन ट्रान्समीटर आतून हिरवे झालेले मी पाहिलेत.

पहिल्यांदा एकट्याने बसवाल तेव्हा बॅटरी घातल्यावर डिस्प्लेवर नुसतं शोधतोय, शोधतोय असंच येत राहील. दोन मिनिटं झाली, चार झाली, खालून कोणीतरी हाका मारतोय, आणि तुम्हाला वाटेल आपलंच काहीतरी चुकलं. मीही बॅटरी तीनदा काढून घातली होती, आणि दरवेळी शोध पहिल्यापासून सुरू झाला. बॅटरी काढू नका. जोडायला कधीकधी बराच वेळ लागतो. हार्नेस नीट लावलेला असेल तर शिडीवर थांबा, नाहीतर खाली उतरा, पाणी प्या आणि पंधरा मिनिटांनी परत या.