कुत्र्या-मांजराचे शेवटचे दिवस घरी कसे सांभाळायचे

‘आता घरीच सांभाळा,’ असं व्हेटने सांगितलं की दवाखान्यातून निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. कोणतं औषध किती वाजता द्यायचं, रात्री दोनला त्रास वाढला तर काय द्यायचं आणि त्या वेळी फोन कुणाला करायचा. मधली गोष्ट बहुतेकांची राहून जाते आणि नेमकी तीच सगळ्यात आधी लागते. रात्रीसाठीचं औषध मोजून, वर मात्रा लिहून घरात तयार हवं.

वेदनाशामक घड्याळाप्रमाणे द्या. जनावर कण्हेपर्यंत थांबलात, तर तेवढ्याच मात्रेत आराम पडत नाही. आपल्या कपाटातली गोळी मात्र देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत गोडव्यासाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विषारी. स्टेरॉइड चालू असेल तर दुसरं सूज उतरवणारं औषध विचारल्याशिवाय सुरू करू नये. दोन्ही मिळून आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो.

दुखणारं मांजर सहसा ओरडत नाही. ते पाय पोटाखाली ओढून, पाठ वर काढून बसतं. जवळ जाऊन चेहरा बघा: डोळे किलकिले, कान बाहेरच्या बाजूला वळलेले, तोंडाचा भाग ताणलेला, मिशा सरळ ताठ, डोकं खांद्यांच्या रेषेखाली. माँट्रियल विद्यापीठाने २०१९ मध्ये याच पाच खुणांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. प्रत्येकीला ० ते २ गुण. दहापैकी ४ किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाबद्दल डॉक्टरांना फोन करायचा. मांजर जागं पण स्वस्थ असताना बघा, झोपेत किंवा अंग चाटताना नाही. कुत्रा वेगळं सांगतो: रात्रभर जागा बदलत राहतो, उकाडा नसताना धापा टाकतो, एकच सांधा सारखा चाटतो.

मूत्रपिंडाच्या आजारात त्वचेखाली सलाईन द्यायला सांगतात. हे घरी जमतं, फक्त पहिल्यांदा डॉक्टरांसमोर करून बघा. पिशवी कोमट पाण्यात ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. गरम वाटली तर थांबा. नळीतली हवा काढा. दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखी उभी राहते. त्या तंबूच्या तळाशी, पाठीला समांतर, सुईचा तिरका कापलेला तोंडाचा भाग वर ठेवून सुई घाला. केस ओले झाले तर सुई दुसऱ्या बाजूने बाहेर आली आहे. थेंब अडकले तर सुई काढू नका, जराशी फिरवा. मांजराला बहुधा एका वेळी १०० ते १५० मिली देतात, पण तुमचा आकडा डॉक्टरच ठरवतील. सुई काढल्यावर ती जागा मिनिटभर चिमटीत दाबून धरा. पाठीवर आलेला फुगा संध्याकाळपर्यंत पुढच्या पायाकडे उतरला तर घाबरू नका. तो दुसऱ्या दिवशीही तसाच असेल तर पुढचा डोस थांबवून फोन करा. ग्लुकोजची बाटली त्वचेखाली देऊ नये. हृदयरोग असेल तर जास्तीचं पाणी फुफ्फुसात उतरतं, म्हणून श्वास मोजा: गाढ झोपेत छाती वर-खाली झाली की एक श्वास. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या वर वारंवार जात असेल तर त्याच दिवशी कळवा. मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागलं तर लगेच निघा.

उठता न येणाऱ्या कुत्र्याला जाड फोमची गादी, वर ओल शोषणारा पॅड. दर दोन ते चार तासांनी कूस बदला, नाहीतर कोपर आणि कमरेच्या हाडावर जखमा होतात, आणि त्या सहजासहजी भरून येत नाहीत. बारा तास लघवी झाली नाही तर फोन करा. नर मांजर कण्हत जोर लावत असेल तर एक तासही थांबू नका. जेवण अंगाइतकं कोमट केलं की वास येतो आणि तोंड लागतं. सिरिंजने भरवायचं असेल तर गालाच्या बाजूने, एका वेळी १ मिली, डोकं मागे न वाकवता. मागे वाकवलं तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. मांजर दोन दिवस अजिबात खात नसेल तर यकृतात चरबी साचण्याचा धोका असतो. मात्र शेवटच्या दोन-चार दिवसांत खाणं सुटणं स्वाभाविक आहे. तिथे जबरदस्ती करू नये.

आता अवघड भाग. ‘अजून थोडे दिवस’ हे मन म्हणतच राहतं, म्हणून मर्यादा आधीच लिहून ठेवा. अमेरिकन व्हेट अ‍ॅलिस व्हिलालोबॉस यांच्या मोजपट्टीत वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस अशा सात गोष्टींना ० ते १० गुण देतात, १० म्हणजे उत्तम. ३५ च्या वर असेल तर सांभाळणं योग्य मानतात. बेरीज आठवड्यातून दोनदा, रात्री एकाच वेळी करा. त्यासोबत त्याच्या आवडीच्या तीन गोष्टी लिहा, जसं दारापाशी स्वागत, चेंडू, उन्हातली जागा. तिन्हींपैकी दोन गेल्या की इंजेक्शनने शांत मरण देण्याची तारीख ठरवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. आमच्या मते एक दिवस लवकर चालेल. एक रात्र उशीर नको.

इंजेक्शनच्या दिवशी आधी गुंगीचं औषध मागा, म्हणजे शिरेत सुई घालताना त्याला कळणार नाही. दुसरं औषध, म्हणजे जीव शांतपणे घेणारं पेंटोबार्बिटल, काही मिनिटांत काम करतं. डोळे उघडेच राहतात, कधी लघवी सुटते, कधी एखादा उसासा येतो. तो जिवंतपणा नव्हे, स्नायूंची हालचाल असते. खाली पॅड आधीच अंथरा. घरात दुसरं जनावर असेल तर त्याला जवळ येऊन हुंगू द्या. शरीर आखडण्यापूर्वी पाय दुमडून, कुशीवर झोपल्यासारखं ठेवा. दफन करायचं असेल तर किमान तीन फूट खोल. पेंटोबार्बिटल शरीरात राहतं आणि उकरून खाणारे प्राणी त्याने मरतात. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, उरलेल्या औषधांसह दवाखान्यात परत द्या.