दाव्याचं वाक्य

एम. ए.ला मी इतिहास शिकवते. दर सत्रात चाळीसेक निबंध तपासायला येतात आणि त्यातल्या निम्म्यांची सुरुवात मी गठ्ठा न सोडता सांगू शकते: 'आजच्या धावपळीच्या युगात' किंवा 'प्राचीन काळापासून'. मधे कुठेतरी 'असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही' येतं आणि शेवटी 'काळाची गरज आहे'. मुलांना तरी काय बोलणार? दहावीपर्यंत आपण सगळ्यांनीच 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' लिहिलंय आणि त्याला गुण मिळाले ते भाषेच्या फुलोऱ्याचे. फाटक्या पुस्तकाला काही सिद्ध करायचं नव्हतं. एम. ए.च्या निबंधाला करायचं असतं.

जे सिद्ध करायचं ते एका वाक्यात मांडणं, याला इंग्रजीतून आलेला शब्द थिसिस स्टेटमेंट. पण 'थिसिस' म्हटलं की आमच्या पोरांच्या डोळ्यांपुढे सोनेरी अक्षरांचं, तीनशे पानांचं पीएच.डी.चं बाड उभं राहतं. म्हणून वर्गात मी 'दाव्याचं वाक्य' म्हणते. बांधावरच्या भांडणापायी तालुक्याच्या कोर्टात खेपा घालणाऱ्या घरांतली मुलं आहेत ही. दावा म्हणजे काय ते त्यांना समजावावं लागत नाही. दावा केला की समोर प्रतिवादी येतो, कागद दाखवावे लागतात, आणि आपण हरूही शकतो. तुमचं वाक्य वाचून कोणीच 'छे, मला नाही पटत' म्हणणार नसेल, तर तो दावा झालेलाच नाही.

नुसते नियम सांगण्यापेक्षा एका निबंधाची गोष्ट सांगते. प्रश्न होता: 'महाराष्ट्राची रोजगार हमी योजना ही १९७२ च्या दुष्काळाची देणगी होय. परीक्षण करा.' (खेड्यात जो काम मागेल त्याला शासनाने काम द्यायचं, अशी ही योजना.) आटपाडीकडचा एक विद्यार्थी होता. त्याचं पहिलं वाक्य असं आलं:

'१९७२ च्या दुष्काळाचे रोजगार हमी योजनेच्या निर्मितीत महत्त्वाचे योगदान आहे.'

मी समासात लिहिलं, 'मग काय?' माझ्या स्वतःच्या एम. ए.च्या निबंधावर एका सरांनी हे दोनच शब्द लिहून तो परत केला होता. तेव्हा रडू आलं होतं. आता मीच ते वापरते. 'महत्त्वाचे योगदान' यात काय धरायचं? किती, कसं, कोणावर, काहीच सांगितलेलं नाही. शिवाय हे वाक्य पाण्याच्या टाकीपासून पंचायत राजपर्यंत कशालाही चिकटतं. 'महत्त्वाचे', 'मोलाचे', 'अनन्यसाधारण' हे शब्द दिसले की समजावं, लिहिणाऱ्याने विचार पुढच्या परिच्छेदावर ढकललाय.

आठवड्याने तो दुसरं वाक्य घेऊन आला. आता गडी पेटला होता:

'रोजगार हमी योजना दुष्काळामुळे आली नसून ती केवळ वि. स. पागे यांच्या दूरदृष्टीमुळे आली.'

हा दावा आहे, हे कबूल. त्याला आधारही होता. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ साली या कल्पनेचा प्रयोग सुरू केला होता, म्हणजे दुष्काळाच्या सात वर्षं आधी. पण 'केवळ' या एका शब्दाने त्याने स्वतःचा पाय खड्ड्यात घातला. दूरदृष्टी पुरेशी असती, तर तालुक्यातला प्रयोग राज्याचा कायदा व्हायला १९७७ साल का उजाडलं? 'केवळ', 'सर्वच', 'कधीही नाही' असे शब्द वाक्यात आले की प्रतिवादीला एकच अपवाद पुरतो. खरं सांगायचं तर पहिल्या मिळमिळीत वाक्यापेक्षा मला हे चुकीचं वाक्य जास्त आवडलं. चुकीचा दावा दुरुस्त करता येतो. मिळमिळीत वाक्यात दुरुस्त करायला धरायचं काय?

तिसऱ्या खेपेला आम्ही दोघं स्टाफरूमच्या बाहेरच्या बाकावर बसलो आणि वाक्य सांधत नेलं. मी प्रश्न विचारत गेले. कल्पना आधीची होती का? होती. मग दुष्काळाने नेमकं काय दिलं? माणसं कामावर आणली. किती? १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख लोक होते. त्यामुळे काय झालं? इथे तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, सरकारला एवढ्या लोकांना काम द्यायची सवय झाली, आणि लोकांना मागायची."

हेच पाहिजे होतं. कागदावर ते असं उतरलं:

'रोजगार हमीची कल्पना १९७२ च्या दुष्काळाआधीची असली, तरी तिचा १९७७ साली कायदा होऊ शकला तो दुष्काळी कामांमुळे. कारण त्या कामांनी शासनाकडे लाखो मजुरांना काम पुरवण्याची यंत्रणा उभी केली आणि मजुरांमध्ये काम हक्काने मागण्याची सवय रुजवली.'

लांब आहे. असू दे. वाक्य लहान असण्यापेक्षा त्यात 'तरी' आणि 'कारण' असणं मला महत्त्वाचं वाटतं. 'तरी'च्या आधी प्रतिवादीचं जे खरं आहे ते मान्य केलेलं असतं. 'कारण'च्या नंतर तुमच्या निबंधाचा आराखडा असतो. आता हा निबंध काय काय सिद्ध करणार, हे वाक्यच सांगतं: कल्पना आधीची होती, यंत्रणा उभी राहिली, सवय रुजली, आणि या दोन गोष्टींवाचून कायदा झाला नसता. चार ओझी. परिच्छेद किती करायचे हा प्रश्न तिथेच सुटला. प्रस्तावना-मध्य-समारोप ही चौकट घेऊन बसलात तर 'मध्य'मध्ये काय भरायचं ते कळत नाही, आणि मग योजनेची उद्दिष्टे, वैशिष्ट्ये, फायदे, तोटे अशी गाईडातली उतरंड लागते.

चार ओझ्यांपैकी सगळ्यात जड शेवटचं. 'ह्याच्यानंतर ते घडलं' एवढ्याने 'ह्याच्यामुळे ते घडलं' होत नाही. त्यासाठी तुलना लागते. मी त्याला विचारलं, दुष्काळ काय फक्त आपल्याकडेच पडला? १९६६-६७ मध्ये बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. तिथे असा हमीचा कायदा झाला नाही. म्हणजे नुसता दुष्काळ पुरत नाही. इथे आणखी काहीतरी होतं. त्याने ते 'आणखी काहीतरी' शोधलं, आणि त्यात पागे यांचा प्रयोग परत आला, पण आता योग्य जागी: तयार असलेली कल्पना म्हणून. त्याशिवाय पैसा. १९७५ साली राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला आणि रोजगार हमीच्या खर्चासाठी हा कर मोठा आधार ठरला. पगाराच्या चिठ्ठीवर आजही दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, तोच हा कर. माझ्या वर्गातल्या नोकरी करून शिकणाऱ्या मुलींनी त्या दिवशी पहिल्यांदा ती ओळ नीट वाचली.

विरोधी मुद्दा कुठे घालायचा, हे मला नेहमी विचारतात. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात 'तथापि काही मर्यादाही आहेत' असं म्हणून चार ओळी टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. तसं करू नका. सगळ्यात टोचणारा आक्षेप घ्या आणि त्याला पूर्ण परिच्छेद द्या. या निबंधात तो आक्षेप असा होता: योजना राज्यभर जाहीर झाली ती १९७२ च्या उन्हाळ्यात, म्हणजे त्या वर्षीचा पावसाळा कोरडा जाण्याआधी, आणि दुष्काळ तीव्र झाल्यावर तर योजना मागे पडून दुष्काळी कामंच पुढे आली. मग दुष्काळाने योजना घडवली की अडवली? हा मुद्दा सापडल्यावर पोरगा हबकला, म्हणाला दावाच बदलतो. मी म्हटलं, थांब. तुझ्या वाक्यात 'योजना' आहे की 'कायदा'? कायदा. १९७७ चा, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेला. मग आक्षेप तुझ्या दाव्याला धक्का देत नाही, उलट योजना आणि कायदा यांत फरक का करायचा ते दाखवायची संधी देतो. नेमका शब्द निवडल्याचा फायदा हा असा अडचणीच्या वेळी होतो.

पुराव्याबद्दल एकच सांगते, कारण तिथे आमची भांडणं होतात. या मुलाची आजी दुष्काळात खडी फोडायला होती. कामावर खायला मिळणारी सुकडी, रेशनवरची लाल मिलो ज्वारी, मुकादमाची हजेरी, हे सगळं तिने सांगितलेलं त्याने तळटीपेत टाकलं होतं, लाजून. मी ते वर आणायला लावलं. पण कुठे? 'कायदा का झाला' याचा पुरावा म्हणून आजीचं बोलणं चालणार नाही. ते तिला माहीत असण्याचं कारण नाही. काम मागण्याची सवय कशी लागली, यासाठी मात्र तिचं 'आमी मामलेदारापुढं जाऊन बसायचो' हे वाक्य चांगला पुरावा आहे. एकटीची साक्ष आहे हे कबूल करायचं, जोडीला दुसरं काही द्यायचं. प्रत्येक पुराव्यापाशी स्वतःला विचारा, हा माझ्या वाक्यातला नेमका कुठला शब्द उचलून धरतो? एकही शब्द उचलत नसेल तर कितीही सुंदर असला तरी काढा. (पाझर तलावांवरची त्याची दोन सुरेख पानं आम्ही अशीच काढली. मला अजून हळहळ वाटते.)

भाषेचं थोडक्यात. 'मानले जाते', 'दिसून येते', 'म्हटले जाते' लिहिलंत की मी समासात 'कोण?' लिहिते. कोणी मानलं ते सांगा, नाहीतर स्वतः माना. सुभाषिताने सुरुवात नको. पहिल्या परिच्छेदात वाचकाला प्रश्न कळावा, त्यावरचा सोपा प्रचलित समज कळावा आणि तुमचा दावा कळावा. पाच-सहा वाक्यांत होतं. हा परिच्छेद शेवटी लिहिलात तरी हरकत नाही, मी स्वतः तसंच करते.

यूपीएससीची तयारी करणारे विचारतात, तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी हजार-बाराशे शब्द, एवढा वेळ कुठून आणायचा? दर निबंधाला नव्वद मिनिटं आहेत. त्यातली पहिली वीस हात न हलवता जाऊ द्यात. शेजारचा भराभर पानं उलटेल, उलटू दे. कच्च्या कामाच्या पानावर 'तरी' आणि 'कारण' असलेलं वाक्य लिहा, त्याखाली त्याची ओझी लिहा, आणि दर परिच्छेद संपला की त्या पानाकडे एकदा नजर टाका. लिहिता लिहिता मत बदललं तर वाक्यही बदला आणि मागचे परिच्छेद त्याला धरून आहेत का ते तपासा. आटपाडीच्या त्या मुलाने शेवटच्या मसुद्यात 'रुजवली' खोडून 'लावली' केलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "रुजली का ते मला अजून सिद्ध नाही करता आलं, मॅडम."